परदेशातल्या डेव्हलपर कॉन्फरन्सला जाताना: आधीच्या सहा महिन्यांपासून परतल्यानंतरच्या आठवड्यापर्यंत

दोन टॉक्सच्या मधली २० मिनिटं होती. सभागृहाबाहेरच्या पायऱ्यांवर मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. ज्या लायब्ररीवर (म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडवर) आमची अर्धी सिस्टीम उभी आहे, तिचा मेंटेनर, म्हणजे ती सांभाळणारा प्रोग्रॅमर, शेजारी बसला होता. एखादी रिक्वेस्ट टाइमआउट झाली (म्हणजे सर्व्हरचं उत्तर वेळेत आलं नाही) की कधीकधी तिच्या पुढच्या रिक्वेस्टला भलतंच उत्तर मिळतं, हा आम्हाला तीन महिने छळणारा बग मी त्याला सांगितला. तो म्हणाला, "चालवून दाखव." मी कमांड दिली आणि पडद्यावर कंटेनर इमेज (प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या सगळ्याचा मोठा गठ्ठा) डाउनलोड व्हायला लागली. वाय-फायवर सगळी इमारत तुटून पडलेली. चार टक्के. पाच टक्के. त्याने शांतपणे दहा मिनिटं वाट पाहिली, मग घड्याळ पाहिलं आणि "इश्यू टाक, मी बघतो" (इश्यू म्हणजे बगची लेखी नोंद) म्हणून पुढच्या टॉकला निघून गेला.

त्या टॉकचं रेकॉर्डिंग नंतर घरी बसून पाहता आलं. पायऱ्यांवरची २० मिनिटं मात्र पुन्हा मिळाली नाहीत. एवढा प्रवास करायचा तो खरं तर त्या २० मिनिटांसाठी. व्हिसा, बॅग, झोप, वेळापत्रक ही सगळी धावपळ ती मिळावीत आणि मिळाली की वाया जाऊ नयेत म्हणून करायची. हा लेख त्याच हिशोबाने लिहिला आहे.

आधी प्रश्न ठरवा, मग कॉन्फरन्स

कॉन्फरन्सची यादी उघडून सुरुवात करू नका. आपल्या कामातला असा एक प्रश्न शोधा, जो डॉक्युमेंटेशन वाचून आणि इश्यू ट्रॅकर पालथा घालूनही सुटलेला नाही. त्या प्रश्नावर बोलू शकणारी माणसं कुठे जमतात, ते बघा. ज्या प्रोजेक्टवर अवलंबून आहात, त्याचे मेंटेनर मागच्या दोन वर्षांत कुठे बोलले, हे जुन्या कार्यक्रमपत्रिकांमध्ये सापडतं. यंदा येणार आहेत का, हे त्यांना दोन ओळींची मेल टाकून सरळ विचारता येतं. बहुतेक जण उत्तर देतात.

कॉन्फरन्सचे प्रकार फार वेगळे असतात आणि ते माहीत नसतील तर निराशा पदरी पडते. गूगल आय/ओ किंवा ॲपलची डब्ल्यूडब्ल्यूडीसी या एका कंपनीच्या घोषणांभोवती फिरतात आणि मुख्य भाषण सगळं जग घरबसल्या पाहतं. ब्रसेल्समधलं फॉसडेम, म्हणजे ओपन सोर्स सॉफ्टवेअरवाल्यांचं संमेलन, याच्या अगदी उलट टोकाला. विद्यापीठाच्या सोलबोश कॅम्पसवर, शनिवार-रविवार, प्रवेश मोफत, नावनोंदणीसुद्धा नाही. डेटाबेस, कंपायलर, नेटवर्किंग अशा प्रत्येक विषयाची वेगळी खोली असते आणि त्या खोलीत बसलेल्यांपैकी बरेच लोक तो कोड लिहिणारे असतात. खोली भरली की दार बंद होतं, मग तुम्ही कुठूनही आलेले असा. अँटवर्पचं डेव्हॉक्स चक्क मल्टिप्लेक्समध्ये भरतं, जावाच्या दुनियेतली मंडळी तिथे भेटतात. पायथन भाषेच्या पायकॉन यूएस आणि युरोपायथन या कॉन्फरन्समध्ये मुख्य कार्यक्रमानंतर स्प्रिंट्स असतात, म्हणजे मेंटेनरसोबत एका टेबलावर बसून प्रत्यक्ष कोड लिहायचा. प्रोटोकॉलवर (यंत्रांनी एकमेकांशी बोलायच्या नियमांवर) काम करत असाल तर इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफच्या बैठका वर्षातून तीनदा होतात, आदल्या शनिवार-रविवारी हॅकेथॉन असते आणि तिथे मतदानाऐवजी लोक गुणगुणून आपला कल दाखवतात.

माझं मत विचाराल तर पहिल्या परदेशी फेरीला अवाढव्य कॉन्फरन्स निवडू नका. काहीशे लोकांच्या कॉन्फरन्समध्ये तीच माणसं दिवसातून चारदा समोर येतात आणि चौथ्या वेळी बोलणं आपोआप सुरू होतं. दहा हजारांच्या गर्दीत सकाळी दिसलेला माणूस पुन्हा दिसेलच असं नाही.

खर्चाची सोय

ऑफिसकडे मागायचं असेल तर एका पानावर लिहून मागा: आपला अडलेला प्रश्न कोणता, त्यावर बोलू शकणारी कोणती माणसं तिथे असणार, परत आल्यावर टीमला काय मिळेल. "शिकायला मिळेल" या वाक्यावर कुठलाच मॅनेजर खर्च मंजूर करत नाही. "या बगमुळे दर आठवड्याला ऑन-कॉलचे इतके तास जातात" (ऑन-कॉल म्हणजे बिघाड झाला की धावून जायची पाळी) यावर करतो.

दुसरा रस्ता म्हणजे स्वतः टॉक द्यायचा. प्रस्ताव मागवण्याची मुदत कॉन्फरन्सच्या कित्येक महिने आधी संपते, त्यामुळे ती तारीख आधी कॅलेंडरवर टाका. प्रस्तावात "आम्ही अमुक तंत्रज्ञान वापरलं" असं लिहिलं तर तो इतर शेकडो प्रस्तावांत हरवतो. काय मोडलं, का मोडलं हे कसं सापडलं आणि ऐकणाऱ्याने घरी जाऊन काय तपासावं, हे लिहा. ऑफिस नाही, टॉकही नाही, तर आर्थिक मदतीसाठी अर्ज करा. पायकॉन यूएस आणि डेबकॉन्फ (डेबियन या लिनक्स प्रणालीची कॉन्फरन्स) प्रवासासाठी मदत देतात, लिनक्स फाउंडेशनच्या कार्यक्रमांसाठीही तसा निधी असतो. हा अर्ज करताना संकोच करू नका. ज्यांना स्वखर्चाने येणं जमत नाही, त्यांच्यासाठीच तो पैसा राखून ठेवलेला असतो.

व्हिसा: इथे घाई चालत नाही

तुमच्या पासपोर्टला व्हिसा लागत नसेल तर हा भाग सोडा. लागत असेल तर विमानाच्या तिकिटाआधी व्हिसाच्या अपॉइंटमेंटची उपलब्धता बघा. काही ठिकाणी प्रतीक्षा काही महिन्यांची असते.

शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि किमान १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंत लांबू शकतात, म्हणून किमान मुदतीच्या भरवशावर राहू नका. अर्ज करायचा तो ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. कॉन्फरन्स बेल्जियममध्ये तीन दिवस आणि नंतर फ्रान्समध्ये आठवडाभर फिरायचं असेल, तर साधारणपणे अर्ज फ्रान्सकडे जातो. इथे बऱ्याच जणांची फसगत होते. प्रवास विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं हवं आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध हवा. अमेरिकेसाठी व्यावसायिक परिषदेला हजर राहणं बी-१ (व्यावसायिक भेटीच्या) व्हिसात बसतं.

आयोजकांकडून निमंत्रणपत्र मागवताना त्यात तुमचं नाव पासपोर्टवर आहे अक्षरशः तसंच आहे ना, ते तपासा. कॉन्फरन्सच्या तारखा, जागेचा पत्ता, तुमचा नोंदणी क्रमांक आणि खात्री करायला फोन करता येईल अशा माणसाचं नाव, एवढं त्यात असावं. बरेच आयोजक तिकीट काढल्याशिवाय पत्र देत नाहीत. तेव्हा व्हिसा नाकारला गेला तर तिकिटाचे पैसे परत मिळतात का, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. विमान बदलायला मध्ये जिथे उतरणार, त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हेही तेव्हाच पाहून ठेवा.

दोन गोष्टी इंजिनिअर मंडळी हमखास गृहीत धरतात. एक, टॉकचं मानधन: काही देशांत पाहुण्याच्या व्हिसावर मानधन घेण्याचे नियम वेगळे असतात. दुसरी, कॉन्फरन्सनंतर दोन आठवडे तिथेच राहून "लॅपटॉपवरून ऑफिसचं काम" करणं. ते त्या व्हिसात चालेलच असं नाही. दोन्ही बाबतीत आधी नियम वाचा, ऑफिसच्या कायदा विभागाला विचारा.

इमिग्रेशनच्या खिडकीवर उत्तर साधं ठेवा: सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, अमुक कॉन्फरन्सला आले आहे, अमुक दिवस राहणार, अमुक तारखेला परत. तिथे मायक्रोसर्व्हिसेस समजावत बसायची गरज नसते. निमंत्रणपत्र, परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग कागदावर जवळ ठेवा, कारण फोनची बॅटरी ऐन रांगेत संपते.

कधी पोहोचायचं, कधी निघायचं

शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास या वेगाने सरकतं. पाच-सहा तासांचा फरक असेल तर कॉन्फरन्सच्या आदल्या रात्री पोहोचणारा माणूस पहिले दोन दिवस अर्धवट झोपेत काढतो. निदान दोन रात्री आधी पोहोचा. पूर्वेकडचा प्रवास पश्चिमेकडच्यापेक्षा जड जातो, कारण बहुतेकांचं आतलं घड्याळ २४ तासांहून किंचित मोठं असतं, त्यामुळे उशिरा झोपणं जमतं पण लवकर झोपणं जमत नाही. पोहोचल्यावर दिवसाउजेडी बाहेर चाला आणि दुपारी झोप अनावर झाली तर गजर लावून अर्धा तासच पडा. कॉफीचा असर शरीरात कित्येक तास रेंगाळतो. दुपारी चार वाजता मारलेला कप रात्री दोन वाजता छताकडे बघायला लावतो.

परतीचं विमान शेवटच्या संध्याकाळचं घेऊ नका. शेवटच्या दिवशी लोक निवांत झालेले असतात, स्पीकरांची भाषणं उरकलेली असतात, बोलायला सगळ्यात चांगली वेळ तीच. त्या वेळी बॅग ओढत दाराकडे धावणाऱ्यांत तुम्ही असू नये. राहायची जागा मात्र जमेल तितकी चालत जाण्याच्या अंतरावर घ्या. दुपारी खोलीवर जाऊन वीस मिनिटं डोळे मिटता येणं ही मोठी सोय आहे.

लॅपटॉपची तयारी

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते.

तुमचा प्रश्न दाखवणारा छोट्यात छोटा प्रोग्रॅम घरून तयार करून न्या. कंपनीचा कोड नको, ग्राहकांचा डेटा तर मुळीच नको. पायऱ्यांवरच्या त्या फजितीनंतर मी आमचा बग ४० ओळींच्या स्क्रिप्टमध्ये उतरवला. त्याच फाइलमध्ये एक नकली सर्व्हर होता, जो पहिल्या रिक्वेस्टला मुद्दाम उशीर लावायचा. क्लायंट (म्हणजे विचारणारा प्रोग्रॅम) कंटाळून ती रिक्वेस्ट रद्द करायचा आणि लगेच दुसरी पाठवायचा. दुसरीच्या उत्तरात पहिलीचं उत्तर छापून यायचं. डेटाबेस नाही, कंटेनर नाही, कॉन्फिगरेशन नाही. एक फाइल, एक कमांड, तीन सेकंद.

मग विमान मोड चालू करून ती चालवून बघा. लॅपटॉप रीस्टार्ट करून पुन्हा बघा. सगळ्या डिपेंडन्सी (प्रोग्रॅमला लागणारा बाकीचा कोड) लॅपटॉपवरच आहेत का, लागत असतील त्या इमेज आधीच उतरवलेल्या आहेत का, डॉक्युमेंटेशनची ऑफलाइन प्रत आहे का, ज्या लायब्ररीबद्दल बोलणार तिची रिपॉझिटरी (कोडचं कोठार) पूर्ण इतिहासासह लॅपटॉपवर क्लोन केलेली आहे का. मेंटेनर जेव्हा म्हणतो, "हे मागच्या वर्षी बदललं होतं बहुतेक," तेव्हा गिट लॉग (कोडमधल्या बदलांची यादी) तिथल्या तिथे उघडता आला पाहिजे.

कॉन्फरन्सचं नेटवर्क तुमच्या ऑफिससारखं नसतं. फॉसडेमचं मुख्य वाय-फाय कित्येक वर्षं फक्त आयपीव्ही६ वर (इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर) चालतं आणि जुन्या आयपीव्ही४ जगापर्यंत भाषांतर करून पोहोचवतं. आयपीव्ही४ चा पत्ता थेट कोडमध्ये लिहिलेलं टूल तिथे मुकाट्याने बंद पडतं. तुमचा व्हीपीएन अशा नेटवर्कवर चालतो का, हे घरीच तपासता येतं.

आता घड्याळ. नव्या देशात उतरल्यावर टाइमझोन बदला, वेळ हाताने बदलू नका. टाइमझोन तोच ठेवून काटे पुढे-मागे केले की यंत्राची मूळ वेळ चुकते, मग ऑथेंटिकेटर ॲपचे लॉगिनसाठीचे सहा आकडी कोड नाकारले जातात आणि कधी वेबसाइटच्या सर्टिफिकेटच्या तक्रारीही येतात. ऑन-कॉलची पाळी बदलताना आणखी एक खाच लक्षात ठेवा. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे होतात, युरोपात मार्चच्या शेवटच्या. मागे करतानाही ऑक्टोबरचा शेवटचा रविवार युरोपचा आणि नोव्हेंबरचा पहिला अमेरिकेचा. मधल्या दिवसांत दोघांतला नेहमीचा फरक एका तासाने बदलतो. मीटिंगची वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) लिहून पाठवा म्हणजे घोळ होत नाही.

लॉगिनचं आधी बघून ठेवा. एसएमएसने येणारा ओटीपी परदेशात येईलच याचा भरवसा नसतो. जिथे शक्य आहे तिथे ऑथेंटिकेटर किंवा सिक्युरिटी की (लॉगिनसाठीचं छोटं उपकरण) लावा, दुसरी की वेगळ्या बॅगेत ठेवा आणि बॅकअप कोड कागदावर घ्या. नव्या देशातून लॉगिन झालं की ऑफिसची सुरक्षा यंत्रणा खातं गोठवू शकते, तेव्हा आयटी टीमला देश आणि तारखा कळवा. प्रॉडक्शनच्या (ग्राहक वापरतात त्या चालू सिस्टीमच्या) चाव्या न्यायच्याच नाहीत, हे सगळ्यात उत्तम. डिस्क एन्क्रिप्ट केलेली हवी. सीमा ओलांडताना लॅपटॉप स्लीपमध्ये न ठेवता पूर्ण बंद करा, कारण काही देशांत सीमेवरचे अधिकारी उपकरणं तपासू शकतात. अशा वेळी काय करायचं, हे कंपनीचं धोरण काय सांगतं ते निघण्याआधी माहीत असावं.

बॅग

थोडक्यात उरकते. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही, ती केबिनमध्येच. १०० वॅट-तासांपर्यंत विमान कंपनीची वेगळी परवानगी साधारणपणे लागत नाही, तरी त्या कंपनीचे नियम एकदा पाहा. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे २० अँपिअर-तास, ते ३.७ व्होल्टने गुणले की ७४ वॅट-तास होतात. लॅपटॉपच्या चार्जरवर १००–२४० व्होल्ट छापलेलं असेल तर वीज कुठलीही चालते, फक्त प्लगचा आकार बदलतो. ब्रिटनचा प्लग वेगळा, युरोपच्या मुख्य भूमीवरचा वेगळा, अमेरिकेचा वेगळा. एक ॲडॉप्टर आणि त्यावर आपली मल्टिप्लगची पट्टी न्या. भिंतीवरचं एकच सॉकेट चौघांना वापरता आलं की ओळख व्हायला वेगळं निमित्त लागत नाही. बूट रुळलेले घाला, दिवसभर उभं राहणं असतं. वही आणि पेन न्याच, आकृती काढून दाखवण्याइतकं वेगवान दुसरं काही नाही.

पहिल्या दिवसाआधीची संध्याकाळ

बॅज आदल्या संध्याकाळी मिळत असेल तर तेव्हाच घ्या, सकाळची रांग वाचते. इमारत एकदा पायी फिरून या. मोठ्या सभागृहापासून छोट्या खोल्या किती लांब आहेत, शांत कोपरा कुठे आहे, पाणी कुठे आहे. काही कॉन्फरन्समध्ये ज्यांना फोटो नको आहेत त्यांच्या बॅजची दोरी वेगळ्या रंगाची असते, तो रंग कोणता ते विचारून घ्या. आचारसंहिता वाचा आणि तक्रार कुणाकडे करायची ते नाव-नंबर फोनमध्ये ठेवा. ती वेळ येऊ नये, पण आली तर तेव्हा शोधाशोध करायची ताकद नसते.

वेळापत्रक: काय सोडायचं ते आधी ठरवा

सगळे टॉक ऐकायचे ठरवलं तर तिसऱ्या तासाला डोकं काम करेनासं होतं. मी दिवसाला तीन निवडते. निवडताना एकच कसोटी: हे रेकॉर्ड होणार आहे का? होणार असेल आणि मला बोलणाऱ्याला काही विचारायचं नसेल तर ते घरी बघते. प्रत्यक्ष जावं अशा जागा म्हणजे कार्यशाळा, एका विषयावरच्या गोलमेज चर्चा आणि रेकॉर्ड न होणारी मोकळी सत्रं. पाच-पाच मिनिटांचे लाइटनिंग टॉक्स मात्र मी चुकवत नाही. पुढच्या वर्षी ज्यावर सगळे बोलतील, ती गोष्ट तिथे अनेकदा अर्ध्या कच्च्या रूपात दिसते.

टॉकच्या नोंदी घेताना स्लाइडवरचं उतरवू नका. "हे आपल्याकडे लागू होतं का?" असं जिथे मनात येईल तेवढंच लिहा, सोबत वेळ टाका. नंतर रेकॉर्डिंगमध्ये नेमकं त्या जागी जाता येतं.

स्पीकरला सगळ्यांसमोर प्रश्न विचारायचा असेल तर तो एका वाक्यात बसवा. लांबलचक असेल तर टॉक संपल्यावर व्यासपीठाच्या बाजूला थांबा. तिथे चार-पाच जण जमतात. आपली पाळी येईपर्यंत बाकीच्यांचे प्रश्न ऐका, अर्धी उत्तरं तिथेच मिळतात.

स्पॉन्सरच्या स्टॉलवर बॅज स्कॅन करू दिला की तुमचा मेल पत्ता त्या कंपनीकडे जातो. टी-शर्टसाठी स्कॅन करायचा की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवा. पण त्या स्टॉलवर विक्रीची माणसं सोडून एखादा इंजिनिअर उभा आहे का, ते विचारा. असेल तर दुपारच्या संथ वेळी जाऊन त्याच्याशी बोला. त्याच्या उत्पादनात काय मोडतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

कॉरिडॉर

एकटं आलेल्या माणसाला पहिला दिवस अवघड जातो. सगळे घोळक्यांत उभे असतात आणि प्रत्येक घोळका जुन्या मित्रांचा वाटतो. सॉफ्टवेअरचं डॉक्युमेंटेशन ठेवणाऱ्या रीड द डॉक्स या साइटचे सहसंस्थापक एरिक होल्शर यांनी यावर एक साधा नियम सुचवला, तो आता अनेक कॉन्फरन्समध्ये मंचावरून सांगितला जातो: गोल करून उभे असाल तर एका माणसापुरती जागा मोकळी ठेवा, पॅकमॅन या व्हिडिओ गेममधल्या उघड्या तोंडासारखी. अशी फट दिसली की ती तुमच्यासाठी आहे असं समजून बेलाशक जाऊन उभे राहा. थोडा वेळ नुसतं ऐकलं तरी चालतं. आणि तुम्ही घोळक्यात असाल तर एक पाऊल मागे सरकून जागा करा.

सुरुवातीला "तुम्ही काय करता?" विचारण्यापेक्षा "सध्या कशाशी झगडताय?" हे विचारलं तर माणूस खुलतो. तुमच्या कामाची ओळख मात्र दोन वाक्यांत तयार ठेवा, कारण ती दिवसातून तीस वेळा द्यावी लागते. इंग्रजीचा उच्चार समोरच्याला कळला नाही तर आवाज वाढवू नका. शब्द बदला, नाहीतर वही उघडा. समोरच्याचं आपल्याला कळलं नसेल तर सरळ पुन्हा विचारा. मान डोलावून वेळ मारून नेली की पुढचं सगळं संभाषण हातचं जातं.

मेंटेनरशी बोलताना एक भान ठेवायचं. तो बहुधा हे काम फावल्या वेळात करतो आणि त्या दिवशी त्याला गाठणारे तुम्ही विसावे असता. "तुमच्या लायब्ररीत बग आहे" ऐवजी "आम्ही ही लायब्ररी अशी वापरतो, यात आमचं काही चुकतंय का, पाच मिनिटं देता?" असं म्हणा. पाच मिनिटं झाली की स्वतःहून थांबा. पुढे बोलायचं की नाही, ते त्याला ठरवू द्या.

पुढच्या वर्षी मी त्याच मेंटेनरला पुन्हा गाठलं, या वेळी जेवणाच्या सुट्टीत, उभ्या टेबलाशी. लॅपटॉप उघडला, कमांड दिली, तीन सेकंदांत चुकीचं उत्तर पडद्यावर. त्याने माझ्या हातातून लॅपटॉप जवळजवळ ओढूनच घेतला. स्क्रिप्ट वरून खाली वाचली, मग लायब्ररीचा कोड उघडायला सांगितला आणि एका फंक्शनवर बोट ठेवलं. "रद्द झालेलं कनेक्शन पूलमध्ये परत का जातंय?" उत्तर अर्धवट वाचून सोडलेलं कनेक्शन तसंच पूलमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायच्या कनेक्शनच्या साठ्यात, जात होतं. पुढच्या रिक्वेस्टला तेच कनेक्शन मिळायचं आणि त्यात पडून राहिलेलं आधीचं उत्तर ती उचलायची. रद्द झालं की कनेक्शन बंद करून टाकायचं, एवढाच उपाय होता. आम्ही तीन महिने आमच्या कॅशला (उत्तरं तात्पुरती साठवणाऱ्या भागाला) दोष देत होतो.

स्प्रिंट्स

शक्य असेल तर यासाठी एक दिवस जास्त थांबा. अनुभव नसला तरी चालतं, बहुतेक प्रोजेक्ट नवख्यांसाठी सोपे इश्यू बाजूला काढून ठेवतात. आदल्या रात्री त्या प्रोजेक्टचं डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट उभं करून टेस्ट एकदा चालवून ठेवा, नाहीतर अर्धा दिवस त्यातच जातो. सेटअप करताना जिथे अडलात, तिथे डॉक्युमेंटेशन दुरुस्त करा. तीच तुमची पहिली पुल रिक्वेस्ट (आपला बदल स्वीकारा अशी विनंती) होऊ शकते आणि मेंटेनरला ती खरोखर हवी असते, कारण त्या वाटेवरचे खड्डे त्याला आता दिसत नाहीत. कनेक्शन बंद करणारा तो बदल मी स्प्रिंटच्या टेबलावरच लिहिला. टेस्ट लिहायला बदलापेक्षा चौपट वेळ लागला आणि शेजारी बसलेल्या दोघांनी ती दोनदा परत पाठवली.

संध्याकाळ

सगळ्या पार्ट्यांना जायलाच हवं असं नाही. मी एक संध्याकाळ मुद्दाम मोकळी ठेवते आणि त्या दिवशी भेटलेल्या चार-पाच जणांना जेवायला विचारते. मोठ्या आवाजाच्या हॉलपेक्षा पाच जणांच्या टेबलावर जास्त बोलणं होतं. दारू पीत नसाल तर खुलासा द्यायची गरज नाही. रात्री एकटं परतायचं असेल तर रस्ता आधी पाहून ठेवा आणि कुणाला तरी कळवून निघा. खोलीवर गेल्यावर झोपण्याआधी दहा मिनिटं काढा. आज कोण भेटलं, काय बोलणं झालं, मी काय पाठवते म्हणाले, हे लिहून ठेवा. तिसऱ्या दिवशी चेहरे आणि नावं एकमेकांत मिसळतात.

परतल्यावर

पहिल्या दोन दिवसांत पाठवायच्या गोष्टी पाठवून टाका. ज्याला लिंक देते म्हणालात त्याला लिंक, ज्याच्याशी बगबद्दल बोललात त्याच्या ट्रॅकरवर तो इश्यू, सोबत ४० ओळींची स्क्रिप्ट आणि "पायकॉनला जेवणाच्या टेबलावर बोललो होतो" यासारखं आठवण देणारं एक वाक्य. आठवडा उलटला की तेच पाठवायला जड वाटायला लागतं.

टीमसमोर सगळ्या टॉक्सचा सारांश वाचू नका. तीन गोष्टी सांगा: आपण लगेच बदलावं असं एक, आपण करत होतो ते चुकीचं निघालं असं एक, आणि अजून कळलेलं नाही पण लक्ष ठेवावं असं एक. प्रत्येकासमोर तुम्ही स्वतः काय करणार आणि कधीपर्यंत, ते लिहा. खर्चाचे कागद त्याच दिवशी जमा करा.

मग ज्या लायब्ररीसाठी गेला होतात, तिच्या पुढच्या रिलीजची वाट बघा. आमचा बदल आला तेव्हा मी आवृत्ती वाढवली, ४० ओळींची ती स्क्रिप्ट पुन्हा चालवली आणि पडद्यावर दुसऱ्या रिक्वेस्टला दुसरीचंच उत्तर आलं. ती फाइल आता आमच्या टेस्ट्समध्ये आहे. पुढच्या कॉन्फरन्ससाठी प्रस्ताव मागवायला लागतील ती तारीख त्याच दुपारी कॅलेंडरवर टाकली.